विश्लेषण : सर्व्हरमधला ‘पहिला कर्मचारी’ दुरुस्त होतो तेव्हा काय बिघडते?

मोबाइलमधले ॲप अपडेट होताना खाली एक ओळ दिसते, ‘बग फिक्सेस अँड इम्प्रुव्हमेंट्स’. ती ओळ कोणी वाचत नाही. ते ॲप ज्या सर्व्हरच्या जिवावर चालते, त्या सर्व्हरलाही असेच अपडेट येत असतात आणि त्यातले सर्वांत नाजूक असते ‘सिस्टिमडी’चे. लिनक्स सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा आणि मग इतरांना जागे करणारा हा प्रोग्राम. ३० ऑगस्ट २०२२ रोजी, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेअकराच्या सुमारास त्याच्या एका सुरक्षा दुरुस्तीमुळे मायक्रोसॉफ्टच्या ‘अझ्युर’ क्लाउडवरील अनेक सर्व्हर बाकी जगापासून तुटले. सहा महिन्यांनी जवळपास त्याच वेळेला ‘डेटाडॉग’ या कंपनीची सेवा कोलमडली. दोन्ही वेळा हल्ला झालेला नव्हता. दोन्ही वेळा दुरुस्ती झाली होती.

सिस्टिमडी म्हणजे नेमके काय?

मीरा रोडच्या कुठल्याही सोसायटीतली सकाळ डोळ्यांसमोर आणा. पालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी खालच्या टाकीत येते. ती भरली की वॉचमन पंप चालू करतो, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग घराघरांतले नळ सुरू होतात. यात क्रम चुकवून चालत नाही. खालची टाकी रिकामी असताना पंप लावला तर तो कोरडा फिरतो आणि मोटर जळते. पाणी आलेच नाही तर टँकर मागवायचा, पंप बंद पडला तर पुन्हा लावून पाहायचा, किती वाजता काय झाले ते वहीत लिहायचे, हेही कुणाला तरी करावे लागते.

लिनक्सवर चालणाऱ्या मशीनमध्ये हे काम सिस्टिमडी करतो. मशीन चालू झाले की लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःहून एकच प्रोग्राम सुरू करतो. त्याला क्रमांक मिळतो १. याला ‘पीआयडी १’ म्हणतात. नेटवर्क, डेटाबेस, वेबसर्व्हर, लॉगिन ही बाकीची मंडळी त्याच्यामार्फत कामाला लागतात. प्रत्येक सेवेसाठी एक छोटी मजकूर फाइल असते, तिला ‘युनिट फाइल’ म्हणतात. ही सेवा कोणाच्या नंतर सुरू करायची, कोणाशिवाय करायची नाही, बंद पडली तर पुन्हा उचलायची का, हे त्यात लिहिलेले असते.

इथे नवख्यांची एक हमखास गल्लत होते. युनिट फाइलमधल्या ‘आफ्टर’ या शब्दाचा अर्थ फक्त क्रम. ‘टाकी भरल्यानंतर पंप’ एवढेच तो सांगतो. टाकी भरायचा हुकूम तो देत नाही. त्यासाठी ‘रिक्वायर्स’ किंवा ‘वॉन्ट्स’ असे वेगळे लिहावे लागते. ‘सिस्टिमडीत बग आहे’ अशा कितीतरी तक्रारींच्या मुळाशी हा एवढासा फरक निघतो.

वॉचमन सुट्टीवर गेला तर सोसायटी कशीबशी चालते. पीआयडी १ गेला तर मात्र कर्नल हात वर करतो आणि अख्खे मशीन थांबते. याला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. त्यामुळे या एका प्रोग्राममधला बग आणि एखाद्या ॲपमधला बग यांची बरोबरी होऊ शकत नाही.

हा आला कुठून?

पूर्वी हे काम ‘इनिट’ नावाचा साधा प्रोग्राम करायचा. तो एकामागून एक स्क्रिप्ट चालवायचा. एक संपली की दुसरी. मशीनमध्ये आठ-आठ प्रोसेसर असले तरी सुरू होताना सगळे एकाच रांगेत उभे. ३० एप्रिल २०१० रोजी रेडहॅट कंपनीतील अभियंता लेनार्ट पॉटरिंग यांनी एका लेखातून नव्या रचनेची मांडणी केली. शक्य तितके एकाच वेळी सुरू करायचे आणि ज्याची गरज नाही ते गरज पडेपर्यंत झोपू द्यायचे, हा त्यामागचा विचार. मे २०११ मध्ये ‘फेडोरा १५’ने सिस्टिमडी स्वीकारला. डेबियनच्या तांत्रिक समितीत यावरून कडाक्याचे भांडण झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने कौल सिस्टिमडीकडे गेला. एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ दोन्ही त्याच्यावर आले. न पटलेल्यांनी ‘देवुआन’ नावाचे वेगळे बिऱ्हाड थाटले.

आक्षेप साधा होता. पहिल्या कर्मचाऱ्याने थोडकेच काम करावे, म्हणजे चुकाही थोडक्याच होतील. सिस्टिमडी प्रकल्पाने मात्र नोंदवही, नेटवर्क, नावावरून पत्ता शोधणे, घड्याळ, लॉगिन अशी कामे आपल्या छत्राखाली घेतली. ही सगळी एकाच प्रोग्राममध्ये नाहीत, वेगवेगळे प्रोग्राम आहेत. पण एकाच पॅकेज कुटुंबातून येतात आणि अपडेटही सोबतच होतात. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा.

माझ्या फोनमध्ये आहे का?

अँड्रॉइडमध्ये कर्नल लिनक्सचा असला तरी पहिला कर्मचारी गुगलचा स्वतःचा आहे. त्यामुळे फोनमध्ये सिस्टिमडी नाही. मात्र फोनवरचे ॲप ज्या सर्व्हरशी बोलते, तिथे तो असण्याची शक्यता खूप मोठी. उबुंटू, डेबियन, रेडहॅट, सुसे या सर्व प्रमुख लिनक्स प्रणाल्या त्याच्यावर चालतात. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. छोट्या प्रकल्पांसाठी विद्यार्थी वापरतात त्या रास्पबेरी पायवरही तोच.

३० ऑगस्ट २०२२ रोजी काय झाले?

सिस्टिमडीच्या कुटुंबात ‘रिझॉल्व्हडी’ नावाचा एक सदस्य आहे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणे हे त्याचे काम. त्यात मेमरी हाताळणीतील एक सुरक्षा दोष सापडला होता. उबुंटूने २९ ऑगस्टला दुरुस्ती जाहीर केली. उबुंटू १८.०४ साठी त्या पॅकेजचा क्रमांक होता २३७-३उबुंटू१०.५४.

उबुंटूमध्ये ‘अनअटेंडेड अपग्रेड्स’ ही सोय असते. कुणी समोर बसलेले नसले तरी सुरक्षा दुरुस्त्या आपोआप लागतात. ती सुरू करणारे टायमर रोज सहा वाजता जागे होते आणि सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून पुढच्या तासाभरातली कोणतीही वेळ निवडते. क्लाउडवरच्या मशीनची घड्याळे बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेवर असतात. तिथले सहा म्हणजे आपले सकाळचे साडेअकरा. अमेरिकेत तेव्हा मध्यरात्र असते. मुंबईत ऐन कामाची वेळ. गंमत म्हणजे हे टायमरही सिस्टिमडीचेच आहे. स्वतःच्या ऑपरेशनची वेळ पेशंटनेच लावायची, असा हा प्रकार.

अपडेट लागताना मशीनवरच्या उपकरणांची पुन्हा नोंद घेतली गेली. त्या गडबडीत नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरची नोंद हरवली. अझ्युरवरच्या उबुंटूत कार्ड ओळखायचे ते याच नोंदीवरून. नेटवर्क सांभाळणारा ‘नेटवर्कडी’ पुन्हा सुरू झाला, त्याने कार्डाकडे पाहिले आणि हे आपल्या यादीतले नाही असे समजून सोडून दिले. कार्डासोबत आलेला डीएनएसचा पत्ताही गेला. मशीन जिवंत, वीज चालू, प्रोग्राम चालू. पण नावावरून कोणाचाच पत्ता सापडेना. फोन चालू आहे आणि सगळे कॉन्टॅक्ट पुसले गेले आहेत, तशी अवस्था.

उपाय ऐकून हसू येईल. मशीन बंद करून पुन्हा चालू करा. सुरुवातीपासून सुरू झाले की कार्डाची नोंद नव्याने होते आणि सगळे जागेवर येते. पण ज्यांच्याकडे अशी शेकडो मशीन होती, त्यांना एकेक करून ती उठवावी लागली. नंतर उबुंटूने या दुरुस्तीची दुरुस्ती काढली.

रिझॉल्व्हडीतला मूळ दोष खराच होता. दुरुस्तीचा कोडही चुकीचा नव्हता. घात झाला तो दुरुस्ती बसवताना झालेल्या हालचालीत. नळाचा वॉशर बदलायला आलेल्या प्लंबरने मुख्य व्हॉल्व्ह फिरवावा आणि तो परत नीट उघडू नये, तसे काहीसे.

डेटाडॉगचे ‘अनधिकृत जोडण्या’ प्रकरण

८ मार्च २०२३. वेळ पुन्हा तीच, जागतिक प्रमाणवेळेनुसार सकाळी सहा वाजून तीन मिनिटे. डेटाडॉग ही इतर कंपन्यांच्या सर्व्हरची तब्येत पाहणारी अमेरिकी कंपनी. उबुंटू २२.०४ वरच्या तिच्या मशीनवर सिस्टिमडीची सुरक्षा दुरुस्ती आपोआप लागली आणि नेटवर्कडी पुन्हा सुरू झाला.

नेटवर्कडीच्या नव्या आवृत्त्यांत एक ‘सुधारणा’ झालेली होती. सुरू होताना त्याने स्वतः न केलेले नेटवर्कचे नियम दिसले तर ते काढून टाकायचे. हेतू स्वच्छतेचा. डेटाडॉगच्या मशीनवर मात्र कंटेनरमधली वाहतूक ‘सिलियम’ नावाचे दुसरे सॉफ्टवेअर पाहत होते आणि रस्ते त्याने आखले होते. नवा मॅनेजर आला, वहीत नसलेल्या नळजोडण्या त्याला अनधिकृत वाटल्या, त्याने त्या तोडल्या. फरक एवढाच की त्या जोडण्यांवर अख्खी इमारत पाणी पीत होती.

मग हे आधी का दिसले नाही? कारण मशीन नव्याने चालू होताना नेटवर्कडी आधी येतो आणि सिलियम नंतर. तोडण्यासारखे तेव्हा काही नसतेच. चालत्या मशीनवर नेटवर्कडी पुन्हा सुरू होण्याची वेळ त्या सकाळपर्यंत आली नव्हती. हजारो मशीन, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे क्लाउड, पाच विभाग, आणि सगळे एकाच तासात आडवे. एक क्लाउड पडला तर दुसरा सावरेल म्हणून केलेली विभागणी इथे निरुपयोगी ठरली, कारण घड्याळ सगळीकडे एकच होते. कंपनीला या घटनेत सुमारे ५० लाख डॉलरच्या महसुलावर पाणी सोडावे लागले.

ते नियम काढू नयेत असे सांगणारी सेटिंग सिस्टिमडीच्या २४९ व्या आवृत्तीपासून उपलब्ध होती. पण ती आपल्याला लागेल, हे आधी लक्षात यायला हवे ना!

मग दुरुस्त्या थांबवल्या तर?

हा मोह अनेकांना होतो. त्याचे उत्तर २० जुलै २०२१ च्या घटनेत आहे. ‘क्वालिस’ या सुरक्षा कंपनीने सिस्टिमडीतला एक दोष जाहीर केला. कंपनी अमेरिकी असली तरी तिचे मोठे कार्यालय पुण्यात आहे आणि मुख्य कार्यकारी अधिकारी सुमेध ठाकर यांनी पुणे विद्यापीठातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केले आहे. दोष असा होता : एखाद्या सामान्य वापरकर्त्याने, ज्याला मशीनवर कसलेही विशेष अधिकार नाहीत, फोल्डरच्या आत फोल्डर करत ८ एमबीपेक्षा लांब मार्ग तयार केला आणि तिथे एक फाइल प्रणाली जोडली, तर सिस्टिमडी कोसळायचा. त्याच्यासोबत सगळे मशीन.

कारण कोडमध्ये त्या मार्गाची प्रत ‘स्टॅक’ या मर्यादित जागेत केली जात होती आणि मार्ग एवढा लांब असेल असे कुणाच्या मनातही आले नव्हते. चूक २०१५ च्या २२० व्या आवृत्तीपासून होती. सहा वर्षे ती तिथेच बसून होती. दुरुस्ती काय? प्रत करण्यासाठी एका फंक्शनऐवजी दुसरे वापरायचे. नावात एका अक्षराचा फरक. मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी स्टॅक आणि हीप यांतला फरक पाच मार्कांसाठी लिहिलेला असतो; त्याची किंमत इथे दिसते. ज्या मशीनवर अनेकांना लॉगिन असते, उदाहरणार्थ कॉलेजची लॅब किंवा भाड्याने दिलेला होस्टिंग सर्व्हर, तिथे ही दुरुस्ती न लावणे म्हणजे मेन स्विच जिन्यात उघडा ठेवण्यासारखे होते.

त्याआधी सप्टेंबर २०१६ मध्ये तर एका ट्विटमध्ये मावेल एवढ्या आज्ञेने सिस्टिमडी गोठवता येतो, हे अँड्र्यू आयर या प्रोग्रामरने दाखवले होते. रिकामा निरोप पाठवायचा, बस. ‘निरोप रिकामा असणारच नाही’ हे कोडने गृहीत धरले होते.

‘पर्ज’ने घर साफ केले

काही बग कोडमध्ये नसून नावात असतात. जून २०२४ मध्ये २५६ वी आवृत्ती आली. तात्पुरत्या फाइल सांभाळणाऱ्या ‘टीएमपी-फाइल्स’ या साधनात ‘पर्ज’ नावाचा नवा पर्याय होता. या साधनाने तयार केलेले सारे काही पुसायचे, असा त्याचा अर्थ. नाव वाचून कुणालाही वाटेल की तात्पुरता कचरा साफ होईल. पण वापरकर्त्यांच्या फाइल ज्यात असतात तो ‘होम’ फोल्डरही याच साधनाच्या यादीत होता, कारण नव्या मशीनवर तो तेच तयार करते. एका वापरकर्त्याने पर्याय चालवला आणि घर रिकामे झाले.

सुरुवातीला विकासकांकडून आलेला प्रतिसाद ‘माहिती न वाचता आज्ञा का चालवली?’ या धर्तीचा होता. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरही होता. पण नुकसान झालेल्या माणसाला मॅन्युअल दाखवणे ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. थोड्याच दिवसांत २५६.१ आली. आता नेमकी कोणती यादी पुसायची ते सांगितल्याशिवाय ‘पर्ज’ चालत नाही. बदल काही ओळींचा. ज्याच्या फाइल गेल्या त्याच्या मात्र गेल्याच.

आवृत्ती जुनी दिसते, मग दुरुस्ती लागली की नाही?

सर्व्हर सांभाळणाऱ्या नव्या मुलांचा हा नेहमीचा गोंधळ. डेबियन १२ मध्ये सिस्टिमडीची २५२ वी आवृत्ती आहे, उबुंटू २४.०४ मध्ये २५५ वी. मूळ प्रकल्प त्यापुढे गेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये २५८ वी आली. तरीही डेबियन, उबुंटू किंवा रेडहॅट मुख्य आकडा मुद्दाम बदलत नाहीत. नव्या आवृत्तीतली फक्त दुरुस्ती उचलून जुन्या कोडमध्ये बसवतात. याला ‘बॅकपोर्ट’ म्हणतात. नवी वैशिष्ट्ये नकोत, वागण्यातला बदल नको, फक्त भोक बुजवा. म्हणून अझ्युर प्रकरणातल्या पॅकेजच्या क्रमांकात पहिला आकडा २३७ पाहायचा नसतो, शेवटचे .५४ पाहायचे असतात. उलट, सिस्टिमडीची सर्वांत नवी आवृत्ती हाताने आणून जुन्या उबुंटूवर बसवणे हा हौशी लोकांचा आवडता आत्मघात आहे.

सुधारणा कधी उपयोगी पडते?

मार्च २०२४ च्या अखेरीस ‘एक्सझेड’ या फाइल आकुंचित करणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी चोरवाट पेरल्याचे उघड झाले. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता आंद्रेस फ्रॉइंड यांना दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्यांनी पिच्छा पुरवला. लॉगिन घेणाऱ्या प्रोग्रामचा या लायब्ररीशी थेट संबंध नव्हता. काही प्रणाल्यांनी ‘मी तयार आहे’ एवढा निरोप सिस्टिमडीला देण्यासाठी त्यात सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेड आत आले होते. लग्नाच्या बसमध्ये पाहुण्यासोबत अनोळखी माणूस चढावा तसे.

योगायोग असा की अशा लायब्ऱ्या गरज पडेल तेव्हाच उघडायच्या, हा बदल सिस्टिमडीत आधीच सुरू झाला होता. २५६ व्या आवृत्तीत तो आला. ही ‘सुधारणा’ कुणाला स्क्रीनवर दिसत नाही, पण तसली वाट तिने बंद केली.

छोट्या ऑफिसने काय पाहावे?

उबुंटू सर्वसाधारण अपडेट टप्प्याटप्प्याने सोडते. थोड्या मशीनवर आधी, बाकीच्यांवर नंतर. सुरक्षा दुरुस्त्यांना मात्र हे टप्पे नसतात, त्या सगळ्यांना एकदम मिळतात. त्यामुळे टप्पे आपले आपणच करावे लागतात. दोन मशीन असतील तर दोन्हींच्या टायमरची वेळ वेगळी ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय. पहिल्यावर दुरुस्ती लागली, सगळ्या सेवा उभ्या आहेत हे पाहिले, मग दुसऱ्याची पाळी. कोणत्या सेवा पडल्या आहेत ते ‘सिस्टिमसीटीएल’ ही आज्ञा एका ओळीत सांगते. आणि महत्त्वाच्या अपडेटनंतर सोयीच्या वेळी मशीन एकदा पूर्ण बंद-चालू करून पाहावे. नाहीतर सहा महिन्यांनी लाइट जाईल, मशीन बंद होईल आणि ते परत का उठत नाही याचे कारण सहा महिन्यांपूर्वीच्या अपडेटमध्ये सापडेल.

मीरा रोड-भाईंदरमधल्या सीएच्या ऑफिसात किंवा कोचिंग क्लासमध्ये कोपऱ्यात ठेवलेल्या एकुलत्या मशीनची गोष्ट जरा वेगळी आहे. तिचे घड्याळ भारतीय वेळेवर असते, म्हणजे अपडेटची वेळ पहाटे सहा ते सात. ऑफिस बंद, काही बिघडले तरी दहापर्यंत वेळ हाताशी. चांगलेच आहे. पण बरेच जण वीज वाचवण्यासाठी रात्री मशीन बंद करून घरी जातात. हे टायमर चुकलेली पाळी विसरत नाही. सकाळी दहाला कुणी बटण दाबले की राहिलेले अपडेट थोड्या वेळात सुरू होते. मशीन मंद चालते, कुणीतरी वैतागून बटण दाबून ठेवते किंवा नेमकी तेव्हाच लाइट जाते. सिस्टिमडीचे पॅकेज अर्धे जुने, अर्धे नवे अशा अवस्थेत राहते. मशीन उठलेच तर ‘डीपीकेजी’ या साधनाला अर्धवट पॅकेजे पूर्ण करायला सांगून काम भागते. उठले नाही तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आतून दुरुस्ती करावी लागते आणि तोवर ऑफिसचा दिवस गेलेला असतो. अशा मशीनला साधा यूपीएस लावणे, किंवा ऑफिस बंद करून निघताना अपडेट हाताने लावून मग ते बंद करणे, यातले एक तरी करता येते.